दोन बोटं आत

टेलरमास्तरांनी खुंटीवरचा बाहेर जायचा शर्ट काढला, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं, स्वारी थोरल्या भावाकडे निघाली. एरवी तो शर्ट लग्नकार्याशिवाय अंगावर चढत नसे.

सकाळीच शिलाई मशीनची मोटर जळाली होती. शाळेचे चाळीस गणवेश सोमवारी द्यायचे होते आणि आज गुरुवार. मेकॅनिकने चार हजार सांगितले, तेही आधी हातावर ठेवा, मग मोटर आणतो म्हणाला. गणवेश वेळेवर गेले नाहीत तर पुढच्या वर्षी शाळा समोरच्या दुकानात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

भाऊ पैसे द्यायचा, नाही असं नाही. पण आधी तासभर बसवून ठेवायचा आणि आल्यागेल्यासमोर विचारायचा, काय रे, अजून त्याच गाळ्यात का? मागच्या खेपेला तिथून आल्यावर मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

"वही बघितल्याशिवाय जाऊ नका," बायको म्हणाली.

वहीचं नाव निघताच मास्तरांचं डोकं फिरलं. मुळात ती दुकानातली मापाची वही. वर्षाच्या सुरुवातीला बायकोने तिची मागची कोरी पानं घरखर्चाला घेतली, आणि छापील रकाने तसेच ठेवले. त्यामुळे छातीखाली घरभाडं, कंबरेखाली किराणा, बाहीखाली वीज, गळ्याखाली औषधं असा सगळा थाट. मास्तर तेव्हा पोट धरधरून हसले होते. पहिल्या महिन्यात बाईंचा हिशेब दोनदा बोंबलला, एकदा तर दूधच लिहायचं राहिलं. पण बाई कसली हटतेय! घरात पगार हा प्रकार नव्हता. गिऱ्हाईक आलं तर पैसे, नाहीतर ठणठणाट. तरी रोज दुकान बंद झालं की गल्ला वहीसमोर रिकामा व्हायचा आणि उरल्यासुरल्या कापडाच्या सहा पिशव्यांत वाटला जायचा, एका रकान्याला एक पिशवी. मास्तरांना टपरीवरचा चहासुद्धा लिहायला लागायचा.

"बघितलीय तुझी वही," मास्तर बटणं लावत म्हणाले. "दर महिन्याला तळाशी शून्य. शून्यात मोटर येते का?"

बायकोने वाद घातला नाही. पिशव्या आणून कटिंगच्या टेबलावर मांडल्या. भाड्याची तेवढी बाजूला सरकवली, भाड्यात काही वाचवता येत नाही म्हणाली. उरलेल्या पाचांशेजारी ब्लेड ठेवलं आणि त्यांना तळ उसवायला सांगितलं.

मास्तरांनी किराण्याची पिशवी उलटी केली. तळाचं कापड आत दुमडून कच्चे टाके घातलेले. तीन टाके कापले तशी दुमड सुटली, आणि आतून घडी घातलेल्या नोटा निघाल्या. विजेच्या पिशवीतून निघाल्या. औषधांच्यासुद्धा. बाई प्रत्येक रकान्यात लागेल त्याहून थोडं जास्त लिहायची आणि वाचेल ते तळात शिवून टाकायची. खर्चाला म्हणून सगळे पैसे वाटून झालेले, म्हणून तळाशी शून्य. मास्तर आठ महिने ते शून्य वाचून वही मिटत होते.

चार हजार एकशे साठ भरले. मास्तरांनी पुन्हा मोजले, तरी तेवढेच. मग ब्लेड खाली ठेवलं.

"हे कुठे शिकलीस गं?"

"तुमच्याच शेजारी. चौदा वर्षं काजं करत बसलेय. पोरांच्या कपड्यांत तुम्ही दोन बोटं कापड आत दाबता. पोर वाढलं की उसवायला. ते काय मला दिसत नाही?"

मास्तरांना एकदम तिचा अभिमान वाटला. त्यांनी मेकॅनिकला फोन करून मोटर घेऊन यायला सांगितलं. मग शर्ट उतरवला, नीट झटकून परत खुंटीला अडकवला.

मेकॅनिक येईपर्यंत हात रिकामे होते. मास्तरांनी सुईत दोरा ओवला, किराण्याची पिशवी मांडीवर घेतली आणि तळ दुमडला.

दोन नाही, या वेळी तीन बोटं आत घेतली.