हिरवी शाई

"नाव झाकलंय बघा, ताई." रेकॉर्ड रूममधल्या मॅडमनी माझ्या मुलीच्या केसपेपरवर, डॉक्टरांच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती. "तुमची तक्रार तपासणारे तिघंही इथलेच डॉक्टर. काम कुणाचं ते कळलं नाही, की भीड पडत नाही."

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी मी म्हटलं होतं, "बाळ पिवळं दिसतंय हो." मोठे डॉक्टर हसले होते, "पहिलटकरणींना सगळंच दिसतं," आणि आम्हाला घरी सोडलं होतं. दोन दिवसांनी कावीळ वाढून माझी मुलगी काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली होती. आता ती बरी होऊन मांडीवर झोपली होती. पण चूक झाली होती की मीच घाबरट, एवढं कुणीतरी मला खरं सांगायला हवं होतं.

"पण मॅडम, ही हिरवी शाई?" मी पट्टीच्या खाली दिसणाऱ्या ओळींवर बोट ठेवलं. "अख्ख्या हॉस्पिटलात हिरव्या शाईनं एकच जण लिहितात ना?"

मॅडम हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "अगं बाई! आणि मी वर्षभर पट्ट्याच चिकटवतेय." त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळा केसपेपर टाइप करायला घेतला.

महिन्याभरानं पत्र आलं. घरी सोडण्याआधी कावीळ तपासायला हवी होती, यावर तिघांचंही एकमत होतं.

पुढच्या लसीला गेले, तर बाळंतिणींच्या वॉर्डच्या दारावर नवा कागद होता: "कावीळ तपासल्याशिवाय बाळाला घरी सोडू नये. आई काही म्हणत असेल, तर आधी ऐकावे."

खाली सही नव्हती. शाई हिरवी होती.