सुवर्णाच्या गिरणीपासून नाल्यापर्यंत

नगरपालिकेचे साहेब गल्लीत आले तेव्हा डबे आधीच रांगेत उभे होते. पत्र्याचे, स्टीलचे, एक-दोन रंगाच्या बादल्या. बंद गिरणीच्या पायरीपासून थेट मारुतीच्या पारापर्यंत, गल्लीच्या बरोबर मधोमध. सगळ्यांत ज्वारी होती.

"ये क्या है जी?" साहेबांनी विचारलं.

"दळणाचे डबे," राहीबाई म्हणाली. तिचा डबा सगळ्यांत पुढे होता.

"गिरणी तो बंद है ना?"

"गिरणी बंद हाय साहेब. रांग कोठं बंद हाय?"

बायका हसल्या. साहेबांबरोबर टेप घेऊन आलेला भूषणही हसला आणि लगेच गप्प झाला. तो नगरपालिकेत नोकरीला होता, पण लहानाचा मोठा याच गल्लीत झाला होता.

"मावशी, डबे बाजूला घ्या. मधातून मोजाचं हाय."

"हा डबा इकडच्या घरचा. हा तिकडच्या. हा पुन्हा इकडचा. तूच सांग, टेप कोठून धरतं."

नगरपालिकेत नव्या वॉर्डांचा तेलुगू मसुदा लागला होता. त्यात हद्द या गल्लीच्या मधून गेली होती. डावीकडची घरं वॉर्ड बारात, उजवीकडची तेरात. बोअर डावीकडे होती आणि पाइप उजवीकडे जात होता. मोटर जळाली की बाराचा नगरसेवक तेराकडे बोट दाखवणार आणि तेराचा बाराकडे, हे सांगायला कोणी शिकलेला लागत नव्हता. हरकतीची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजूंनी सह्या करून अर्ज दिला होता. आज साहेब जागा बघायला आले होते.

महिपत गिरणीच्या पायरीवर उभा होता. गिरणी त्याच्या बायकोची, सुवर्णाची. ती होळीच्या आधी गेली. तेव्हापासून कुलूप होतं.

साहेबांनी नकाशा उघडला. नुसतं नको म्हणून चालत नाही, ते म्हणाले. प्रत्येक वॉर्डात मतदार जवळपास सारखे हवेत. इथली घरं तेरातून काढली तर तेराला तेवढी दुसरी घरं कुठून द्यायची?

"नाल्यापलीकडून," महिपत म्हणाला. "तेथं प्लॉटावर नवी घरं झाली. मसुद्यात ती बारात हाईत. ती तेराले द्या, नाल्यावरून हद्द न्या. घरनंबर अर्जात लिवले हाईत."

"वो लोग राजी हैं?"

"त्याइच्या सह्या शेवटच्या पानावर हाईत. त्याइची शाळा, राशन, सगळं तिकडंच हाय. नाला वलांडून इकडं कोन येते?"

साहेबांनी शेवटचं पान काढलं. मग भूषणला घेऊन नाल्यापर्यंत चालत गेले. डब्यांच्या कडेकडेने गेले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता, पण आवाज मऊ होता.

"ठीक लिखा है. मी तसा रिपोर्ट देतो. ऊपर क्या होता, मेरे हाथ में नहीं." त्यांनी मसुद्याच्या ओळीवर पेन टेकवलं. "पण मग हे नाव निघणार. हद्द में नाला आएगा."

महिपतला ती ओळ माहीत होती. 'सुवर्णा पिंडी गिरणीपासून', म्हणजे सुवर्णाच्या पिठाच्या गिरणीपासून, अशी हद्द सुरू होत होती. तेलुगू त्याला वाचता येत नव्हतं, पण ते नाव ओळखू येत होतं. गिरणीच्या पाटीवर तीच अक्षरं होती. अर्ज देऊन झाल्यावरही तो दोनदा नगरपालिकेत जाऊन त्या कागदासमोर उभा राहून आला होता.

"काका," भूषण हळूच म्हणाला, "काकूचं नाव सरकारी कागदात राह्यलं असतं."

राहीबाईने पदर खोचला आणि आपल्या डब्याच्या कडीला हात घातला.

"भाऊजी, तुमी म्हनाल तसं. नाव राहू द्याचं असंल तं आमी डबे उचलतो. पान्याचं पाहू काही."

महिपतने रांगेकडे पाहिलं. काही झाकणांवर सुवर्णाने खिळ्याने कोरलेल्या खुणा होत्या. एकावर फुली, एकावर चांदणी. डबे बदलू नयेत म्हणून. इकडची, तिकडची अशी खूण एकावरही नव्हती.

"काढा साहेब," तो म्हणाला. "नाला लिवा. गल्ली तोडाले तिले मधात काऊन उभी करता?"

साहेबांनी लिहिलं. महिपतने खाली सही केली. भूषणने न उलगडलेली टेप खिशात घातली आणि दोघे गेले.

बायका डबे उचलायला वाकल्या.

"राहू द्या," महिपत म्हणाला.

कुलूप गंजलं होतं. दोनदा दगड मारल्यावर सुटलं. आत शिळ्या पिठाचा वास होता. पट्टा सैल पडला होता. खिळ्याला तिचा डोक्याला बांधायचा फडका लटकत होता, अजून पिठाने पांढरा. महिपतने तो काढला, झटकला नाही. तसाच डोक्याला बांधून तो दारात आला.

"दगडाले टाकी लावा लागंल. पट्टा आनावा लागंल," तो म्हणाला. "अन् दगडाची कच येऊन पहिलं पीठ कचकच लागंल. खाता नाई येनार."

राहीबाईने आपला डबा उचलून पायरीवर ठेवला.

"मंग दुसरं खाऊ."