हिरडीचा रंग

लांडग्याच्या खालच्या हिरडीवर निळी रेघ ओढून झाली आणि पेंढेवाल्याने ब्रश खाली ठेवला. सुतासारखी बारीक रेघ, दात हिरडीतून वर येतात नेमक्या तिथे. जरा मागे सरून त्याने ती पाहिली. हुबेहूब उतरली होती. तरी त्याला समाधान वाटेना.

मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचं त्याचं काम, म्हणून सगळा गाव त्याला पेंढेवालाच म्हणे. कातडं खरं, दात खरे. डोळे काचेचे आणि तोंडाची आतली बाजू मेणाची. खऱ्या हिरड्या वाळून आक्रसतात. त्या मेणाच्या करून रंगवाव्या लागतात, आणि रंगवताना पदरचं काही घालायचं नाही, असा त्याचा शिरस्ता. जनावर टेबलावर आलं की आधी तोंड उघडून बघायचं, रंग जुळवून घ्यायचे, मगच सुरी लावायची. या लांडग्याचं तोंड उघडलं तेव्हा रेघ दिसली. आपलीच नजर अधू झाली असेल म्हणून त्याने चष्मा काढून पुसला. मग स्पिरिटचा बोळा घेऊन हिरडी पुसली. रेघ तशीच.

"शिसं भिनलंय अंगात," जनावरांचे डॉक्टर लांडगा आणून टाकताना म्हणाले होते. "त्याचीच ही रेघ. खाणीचा गाळ अडवलाय ना, त्या बांधावर गवत माजतं. ते शेळ्या खातात आणि शेळ्यांना हा. भर दुपारी कामगारांच्या वसाहतीत शिरला आणि एकाच जागी गोल गोल फिरत राहिला. लोक काठ्या घेऊन धावले, तर त्यांच्याकडे बघेसुद्धा ना."

दार ढकलून खाणीच्या गेस्ट हाऊसचा मॅनेजर आत आला. लांडगा त्याच्याच दिवाणखान्यात उभा राहायचा होता.

"वा, काका! अंगावरच येतोय की!" तो वाकून जबड्यात डोकावला. "आणि हे काय? शाई सांडली वाटतं?"

"होती तशी केलीय."

"सगळ्या लांडग्यांना असते?"

"नाही. याला होती."

मॅनेजर सरळ झाला आणि त्याने मागचं दार लोटून घेतलं. डॉक्टरांचं बोलणं त्याच्याही कानावर गेलेलं असावं.

"काका, उद्या मोठे पाहुणे यायचेत," तो आवाज उतरवून म्हणाला. "त्यांना लांडगा बघायचाय, लांडग्याचं दुखणं नाही. गुलाबी करून टाका."

"पण ती रेघ..."

"तुमचे जावई आमच्याच खाणीत आहेत ना? क्वार्टर मिळाली म्हणे नुकतीच. चांगलं झालं, हो. आता नातवंड आलं की घर भरेल."

ही धमकी होती की नुसती आपुलकी, हे पेंढेवाल्याला कळलं नाही. असल्या गोष्टी त्याला कधीच वेळेवर कळत नसत. तो "बरं" म्हणाला.

मॅनेजर गेल्यावर त्याने गुलाबी रंग कालवला. रंगाच्या एका हाताने भागलं नाही. खालून रेघ डोकावत राहिली. दुसरा हात दिला तेव्हा ती बुजली. हिरडी लहान मुलाच्या हिरडीसारखी छान दिसू लागली.

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन आली. सातवा महिना लागला होता. डबा ठेवून ती स्टुलावर टेकली आणि डोळे मिटून पोट धरून बसली.

"काय गं?"

"काही नाही, कळ येते अधूनमधून. तुमच्यावर गेलं असतं तर मुकाट्याने बसलं असतं एका कोपऱ्यात. कुणावर गेलंय देव जाणे."

"फिकी दिसतेस. दाखवलंस का?"

"दाखवलं हो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, खात जा, दूध पीत जा. पितेय की दोन वेळा. दारची शेळी, बांधावरचं गवत, पैशाचा खर्च नाही. माझी चिंता सोडा आणि जेवून घ्या."

पेंढेवाला डब्याचं झाकण काढत होता, तो थांबला. "कुठल्या बांधावरचं?"

पण तिचं लक्ष लांडग्याकडे गेलं होतं. "अगंबाई! हे महाशय कुणावर एवढे चिडलेत?" ती उठली, एक हात कमरेला लावून त्याच्यासमोर वाकली आणि त्याच्यासारखाच ओठ वर ओढून, सगळे दात विचकून गुरगुरली. मग स्वतःच खळखळून हसली.

खिडकीतला उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला होता.

पेंढेवाल्याने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला.

"परत कर बघू."

"काय?"

"तसंच. तोंड उघड."

बापाने कधी नव्हे ती थट्टेत साथ दिली म्हणून तिला गंमत वाटली. तिने पहिल्यापेक्षा मोठा जबडा वासला. तो जवळ आला. हनुवटी धरून त्याने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला आणि हिरडीवरून बोट फिरवलं. एकदा, मग जोर देऊन पुन्हा. दुसऱ्या हाताने त्याने टेबलावरचा ब्रश कधी उचलला होता, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

मुलीने हसत त्याचा हात बाजूला सारला.

"अहो बाबा, ब्रश तरी खाली ठेवा! मलाही रंगवताय की काय?"