दुसरी प्रत

"काका, कॅल्क्युलसच्या नोट्स पुन्हा एकदा काढून द्या," कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आश्लेषा म्हणाली. त्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती.

"पुन्हा तेच नेऊन काय दिवे लावणारेस? बस इथे." ढवळेकाकांनी वाया गेलेले कागद उलटे केले आणि गणित सोडवायला घेतलं. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढची पायरी. महिनाभर असंच चाललं.

"काका, तुम्ही इंजिनिअर आहात?"

"छे गं! याच पेपरात चारदा आपटलो आणि कॉलेज सोडलं. त्यामुळे कुठे चुकतं ते तोंडपाठ आहे."

निकालानंतर तिने मार्कशीट पुढे केली. पास! काकांनी न विचारताच दोन प्रती काढल्या. एक तिला दिली, दुसरी काउंटरच्या काचेखाली सरकवली.

"ही कोणाची?"

"माझी." काकांनी बाहीने काच पुसली. "बावीस वर्षांनी सुटला गं विषय!"