गळ्याच्या वॉर्डातली बेल

"सगळं हिरवं आहे, सिस्टर," नेटवर्कवाले साहेब हातातला टॅब नाचवत म्हणाले. "कुठेही बिघाड नाही."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा गळ्याच्या ऑपरेशनचा वॉर्ड. इथे कुणाच्याच तोंडून आवाज फुटत नाही. उशाजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर बेल वाजते, तेवढीच काय ती हाक. काल नवं नेटवर्क आलं आणि आज सकाळपासून बेल गप्प! मघाशी एका आजोबांच्या गळ्यातली नळी चोंदली. बटण दाबदाबून ते निळे पडले. शेजारच्या आजींनी स्टीलचा पेला खाटेच्या कठड्यावर आपटला, म्हणून वाचले बिचारे.

"बेलचा डबा पडला जुना," साहेब म्हणाले. "त्याला नव्या नेटवर्कचे नव्या पद्धतीचे पत्ते कळतच नाहीत, म्हणून बटणाचा निरोप पोचत नाही."

"मग तुमच्याकडे हिरवं कसं दिसतंय?"

"तो डबा आता मोजत नाही ना आम्ही."

"वा रे वा! रोगी मोजायचा नाही, की रोग बरा झाला!"

"अहो, मध्ये एक दुभाषी यंत्र बसवलं तर दोघांचं जमेल. पण मग जुनी पद्धत चालूच राहणार. काम पूर्ण झालं असं वर कुठल्या तोंडाने सांगू? नव्या बेलची मागणी केलीय. थोडे दिवस कळ काढा."

"कळ काढा? कुणी?" सिस्टरने आजींच्या पलीकडच्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं. "झोपा तिथे."

"अहो, पण..."

"झोपा म्हणते ना! आणि मला बोलवा."

साहेब ओशाळं हसत बुटांसकट आडवे झाले. सिस्टर टेबलाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली. साहेबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गळ्याला पट्ट्या बांधलेला सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता.

"अहो सिस्टर!" शेवटी ते ओरडले.

सिस्टरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ओरडायचं नाही, साहेब. इथे कुणालाच ओरडता येत नाही."

साहेबांनी तोंड मिटलं. अंगठा बटणावर तसाच राहिला.

शेजारच्या खाटेवरून आजी हळूच वाकल्या आणि आपला पोचे पडलेला पेला त्यांनी साहेबांच्या हातात दिला.