दहा फोन, सर्व वयोगटांतून

"दहा," तपासनीस साहेब म्हणाले. "संध्याकाळी सातपर्यंत श्रोत्यांचे दहा फोन आले पाहिजेत. पोरासोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत, सगळ्या वयाचे. नऊ आले तरी केंद्राला कुलूप."

केंद्रप्रमुख बाईंनी नुसती मान हलवली. बावीस वर्षं त्यांनी हे एवढंसं रेडिओ केंद्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. ते बंद पडलं तर उद्या सकाळी उठून जायचं कुठे, हेसुद्धा त्यांना सुचत नव्हतं.

"चहा सांगू?"

"नको, पित्त आहे मला." साहेब फोनशेजारची खुर्ची धरून बसले. यंदा त्यांनी अकरा केंद्रं बंद केली होती, ही बातमी त्यांच्या आधीच येऊन पोचली होती.

सकाळी सहाच्या ठोक्याला निवेदकाने "जुनी गाणी, नवी सकाळ" सुरू केलं. ऑफिसातल्या भोंग्यातून त्याचा आवाज घुमला.

"काय खणखणीत येतो हो आवाज!" साहेब म्हणाले.

"थेट स्टुडिओतून तार ओढलीय ना," बाई म्हणाल्या. "टेकडीवरच्या ट्रान्समीटरचा संबंधच नाही. खरखरीचं नाव नको."

सव्वासहाला फोन वाजला. एका तरण्याताठ्या गृहस्थाला जुनी गाणी इतकी आवडली होती की त्याचे डोळे भरून आले होते. साहेबांनी वहीत रेघ ओढली. लगेच दुसरा फोन. एक आजीबाई.

"फार गोड कार्यक्रम हो! आणि जेवणखाण वेळेवर करता ना सगळे? उपाशीपोटी काम करू नये, पित्त होतं."

बाईंना अगदी गहिवरून आलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बघा, किती माया करतात आमचे श्रोते!"

साहेब वहीत बघत राहिले.

त्यानंतर फोनने जी आघाडी उघडली ती काही विचारू नका. "हातपाय हलवा" या ज्येष्ठांच्या व्यायामाच्या कार्यक्रमानंतर एका आजोबांचा गुडघा वाकायला लागला. दहा वाजता ताईंचं "चिवचिव" झालं. ताईंचं वय चौपन्न, पण पोरांसाठी त्या जन्माच्या ताई. कावळा त्याच, हत्ती त्याच आणि हत्तीची सासूही त्याच. कार्यक्रमाची धून वाजायला लागली तसं साहेबांचं बोट टेबलावर ठेका धरायला लागलं. पुढचा सूर कुठे जाणार हे त्या बोटाला आधीच ठाऊक होतं.

"मी दुसलीत आहे," फोनवर एक बाळ म्हणालं. "मला हत्ती आवल्ला." मग ते बाळ चांगलं घसा खाकरून खोकलं.

"थंडी फार आहे हल्ली," ताई घाईघाईने म्हणाल्या.

साहेबांनी रेघ ओढली.

दुपारी "घरोघरी", चारला "तरुणांचा तास". फोन खाली ठेवायची फुरसत नव्हती. नभोनाट्य संपल्यावर एका निवृत्त मास्तरांनी भरल्या नाकाने इतकी स्तुती केली, की बाई लाजून "इश्श" म्हणाल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. आजीबाईंनी दुपारी पुन्हा फोन करून सगळे जेवलात का ते विचारलं, पण साहेबांनी त्याची वेगळी रेघ धरली नाही.

पावणेसातला साहेबांनी रेघा मोजल्या. दहा झाल्या होत्या. त्यांनी अहवाल काढला, "केंद्र चालू ठेवावे" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. ताईंनी हत्तीच्या आवाजात आरोळी ठोकली. बाई तर रडायलाच लागल्या.

तेवढ्यात दार उघडून टेकडीवरचा इंजिनीअर आत आला. तोंड काळं, सदरा काळा, हातात पाना.

"अहो, फोन म्हणून काही उचलता की नाही? सकाळपासून करतोय, सारखा एंगेज! पहाटे पावणेसहालाच ट्रान्समीटर जळला. दुरुस्त करता करता माझा जीव गेला. दिवसभरात एक अक्षर बाहेर गेलेलं नाही!"

निवेदकाने आपल्या चपलांकडे पाहिलं. "मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं मी. सकाळचा गृहस्थ तोच, गुडघेवाले आजोबाही तोच आणि तरुणही तोच."

"बाळ म्हणजे माझी मोठी बहीण," ताई पुटपुटल्या. "घरोघरीचे दोन्हीही तिचेच."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदराने डोळे पुसले.

"मास्तर आमच्याच घरचे. पुढचे दोन फोनही त्यांचेच. सर्दी झालीय त्यांना."

साहेबांनी अहवाल हातात घेतला. बावीस वर्षं आता फाटणार, असं बाईंना वाटलं.

"पण त्या आजी?" त्या कशाबशा म्हणाल्या. "जेवलात का म्हणून विचारणाऱ्या? त्या तरी खऱ्या असतील. कुणाच्या आहेत त्या?"

"माझ्या नाहीत," निवेदक म्हणाला.

"माझ्याही नाहीत, शप्पथ," ताई म्हणाल्या.

"मग दिवसभर काही ऐकू गेलंच नाही, तर त्यांनी कार्यक्रम ऐकला कसा?" इंजिनीअरने विचारलं.

एवढ्यात फोन वाजला. साहेब जवळ होते, त्यांनीच उचलला.

"आज तर फार बहार आली हो!" आजीबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आणि ते पोरांचं चिवचिव, ते तर बाई अगदी पूर्वीसारखं..."

साहेबांचे कान लाल झाले. अहवालाची व्यवस्थित घडी घालून त्यांनी तो बॅगेत ठेवला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"आई," ते हळूच म्हणाले, "पुरे आता. दहा कधीच झाले."