जावेच्या हातातली पट्टी

बासष्ट वर्षांच्या अनसूयाबाईंनी मनगटावरची आरोग्यपट्टी काढून धाकट्या जावेला बांधली. "मला टोचते गं," एवढंच म्हणाल्या. पाळी जाऊन बारा वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं होतं आणि पट्टी ते मुलाला कळवील, याची त्यांना लाज वाटत होती.

सकाळीच पट्टीने पाठवलेले आकडे पाहून गावच्या डॉक्टरीण दारात आल्या. "अनसूयाबाई, तुमची साखर एका रात्रीत उतरली कशी?"

पट्टी आपल्या हाती का आली, ते जावेच्या लक्षात आलं; तिने खोदून विचारताच अनसूयाबाईंनी रक्ताचं सांगितलं. तिने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरिणींनी केसाएवढ्या यंत्राने गर्भाशयातला पॉलिप, म्हणजे मांसाची छोटी वाढ, काढून तिथेच तपासला.

"बहुतेक पॉलिप साधे असतात," डॉक्टरीण म्हणाल्या, "पण या वयात, त्यात साखर आणि रक्तस्राव असला, की धोका वाढतो. यातल्या पेशी बिघडू लागल्या होत्या. वेळेत आलात."

"वहिनी, मला तरी सांगायचं!" जाऊ रडू लागली.

"मुलाला मीच सांगते," अनसूयाबाई म्हणाल्या. "तू फक्त जवळ बस."